कुडव्याच्या वाटेवरची गाण्याची खोली

गोंदियात गाणाऱ्याला निवांत सूर लावायला जागाच नव्हती. स्टेशनाकडे दिवसभर इंजिनांच्या शिट्ट्या, बाकी गावात धानाच्या गिरण्यांची धडधड. म्हणून शामकला आणि तिचा गुरुभाऊ केवलराम यांनी गावाबाहेर कुडव्याच्या वाटेवरचं तेंदूपानांचं रिकामं गोदाम भाड्याने घेतलं. साल एकोणीसशे सदतीसचं. शामकला विधवा होती, व्यापाऱ्यांच्या मुलींना भजनं शिकवून पोट भरायची. केवलराम शाळेत गाणं शिकवायचा. गुरुजी वारल्यावर त्यांच्यामागे गात राहिलेले हे दोघेच.

गोदामात तिने पहिली तान घेतली, तर ती भिंतींवर आपटून परत अंगावर आली. मग शामकलेने बारदान्याच्या गोधड्या शिवल्या, आत धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा, भरली. केवलरामने शिडीवर चढून त्या चारी भिंतींवर टांगल्या. घुमारा गेला, आणि आपला आवाज खरा कसा आहे हे तिला तिथे प्रथम कळलं. पुढे शहरातले तबलजी, सारंगीवाले रियाजाला येऊ लागले. खोली इतकी चांगली झाली, की केवलरामने कलकत्त्याच्या एका रेकॉर्ड कंपनीला कळवलं. कंपनीचा माणूस यायला तयार झाला.

"साहेब पुढच्या महिन्यात येऊन राहिला," केवलराम तिला म्हणाला. "तोवर आईले भेटून ये. मग सवड भेटनार नाही."

ती नवेगाव बांधला गेली. आईजवळ तिचा जीव रमला, पण गळा स्वस्थ बसू देईना. ठरल्याआधीच ती चांद्याकडून येणाऱ्या गाडीने परतली. गोंदियाला उतरली, तर पलीकडच्या फलाटावर एक बंगाली गृहस्थ हमालांवर खेकसत होते. पेट्यांमध्ये गाणं कोरून घेतलेल्या मेणाच्या तबकड्या होत्या, त्यांना धक्का लागू नये म्हणून. तिने जवळ जाऊन कुठलं काम होतं ते विचारलं.

"यहीं का काम था," ते म्हणाले. "कुडवा रोड पर. कमरा बहुत अच्छा बनाया है. केवलरामजी ने राग जौनपुरी गाया, अपने गुरुजी की चीज़."

"और शामकला बाई?"

"सुना, उन्होंने गाना छोड़ दिया."

आपण कोण हे तिने त्यांना सांगितलं नाही. सांगावं असं एकदा ओठांवर आलं होतं, पण कलकत्त्याची गाडी फलाटाला लागली आणि ते पेट्यांमागे धावले.

केवलराम खोलीत सतरंजी झटकत होता. तिला पाहून त्याचे हात थांबले.

"जौनपुरी गायलास," ती म्हणाली. "गुरुजींनी माझ्यासाठी बांधलेली चीज."

"हो."

"मले काऊन नाही सांगतलं, केवलभाऊ?"

त्याने सतरंजीची घडी करून खाली ठेवली. "कंपनीले एकच आवाज पाहिजे होता."

"मग दोघांचा ऐकवला असता. त्यानं निवडला असता."

"त्यानं तुलेच निवडलं असतं," केवलराम म्हणाला. "म्हणून."

त्याने आताही खोटं काही सांगितलं असतं, तर तिला भांडता आलं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. इतकी वर्षं हा माणूस तिच्या ताना ऐकून मान डोलवत होता. ते डोलणं खरं होतं, हेच तिला सोसवेना.

"खोली तुझी, मी जातो," तो म्हणाला.

"कायले? भाडं मी एकटी कुठून भरू?" ती उठली. "सकाळी मी गाईन. तू शाळा सुटल्यावर ये. माझ्या वेळेला इकडे फिरकू नको."

तसंच ठरलं. रेकॉर्ड निघाली, गावात केवलरामचं नाव झालं. लोक शामकलेला विचारत, "बाई, तुमच्या गुरुभावाची रेकॉर्ड ऐकली का?" ती हो म्हणायची आणि दुसरं बोलायला लागायची. खोलीचं भाडं दोघंही भरत राहिले. सारंगीवाला दोघांनाही साथ करायचा, इकडचं तिकडे बोलायचा नाही.

सुट्टीच्या दिवशी केवलराम कधी विसरून लवकर यायचा. वाटेवर त्याच्या चपलांचा आवाज आला, की शामकला आलाप अर्ध्यावर सोडायची आणि तंबोरा खाली ठेवायची.