खालून वर वाचायचा पुठ्ठा

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाळ नुकतंच झोपलेलं. श्वास चालू आहे ना, हे आईने त्याच्या नाकापुढे बोट धरून दोनदा बघितलं. मग चपलांच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर एकाखाली एक पाच चौकटी आखल्या. तेच मी. मी पुठ्ठा बोलतोय, आणि एका बाईवरचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

वाचनालयातल्या गोष्टीच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "आधी सांगाडा करा. कोण आहे, तिला काय हवंय, आडवं काय येतं, ती काय करते, शेवटी काय होतं." सातवी शिकलेल्या माझ्या मालकिणीला ते पटलं. पण बाळ कधी उठेल नेम नाही. म्हणून तिने शेवट सगळ्यात वरच्या चौकटीत आधी लिहून टाकला आणि मग ती खाली उतरत गेली. निदान शेवट तरी हातचा जाऊ नये!

वाचनालयाच्या अंकात वर्गातली एकच गोष्ट छापणार होते. मालकिणीला ती आपली हवी होती.

तिची थोरली जाऊही त्याच वर्गात. "सातवीवाल्या बाई, आधी लंगोट वाळत घाला," म्हणायची. वर्गात गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी ती घरी आली. मालकीण बाळाला पाजायला आत गेली, तेवढ्यात जाऊबाईंनी मला मधोमध दुमडून पिशवीत कोंबलं.

ती घडी अजून अंगावर आहे. तेव्हाच ठरवलं, हिला सोडायचं नाही. मला हात नाहीत, तोंड नाही. गप्प बसता येतं. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी माझ्यावरून उतरवलेली गोष्ट जाऊबाईंनी ऐटीत वाचली. आधी बाळ हसलं. मग आईने दवाखान्याचं दार ठोठावलं. मग शेजारीण म्हणाली, "थांब गं, काही होत नाही." मग बाळाचा ताप उतरावा असं आईला वाटलं. आणि शेवट काय? एक आई होती, तिला थर्मामीटर वाचता येत नव्हता. संपली गोष्ट!

"म्हणजे बाळ हसलं म्हणून दवाखान्यात नेलं?" एका आजोबांनी विचारलं. सगळा वर्ग खो खो हसला. पिशवीत मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दारात मालकीण उभी होती, खांद्यावर बाळ. ती म्हणाली, "ताई, तो पुठ्ठा खालून वर वाचायचा असतो."

बाईंनी जाऊबाईंना मला पिशवीतून बाहेर काढायला लावलं. मालकिणीने गोष्ट सांगितली, खालून वर. कुणी हसलं नाही. तिचीच छापली.

आता मी पाळण्याशेजारी खिळ्याला आहे. जाऊबाई आल्या की माझ्याकडे पाठ करून बसतात. बसू देत. मी माफ केलेलं नाही.

तुम्हाला गोष्ट लिहायची असेल तर अशा पाच चौकटी जरूर आखा, वरून आखा नाहीतर खालून. आणि दुसऱ्याच्या चौकटींवर डोळा असलेलं कुणी भेटलं, तर माझा एवढा निरोप पोचवा: पुठ्ठा खुशाल न्या. तो गप्प बसेल.