अंकल गेला लॅडरवर

थेरेसाला गुपित सांगणं म्हणजे मांजरीला बोंबलांच्या राखणीला बसवणं, असं तिचा नवरा फ्रेडरिक चारचौघांत म्हणायचा. म्हणून मुलाने, डेन्झिलने, आपलं पाकीट बापाला सोडून आईच्या हवाली केलं तेव्हा फ्रेडरिकला हसावं की रुसावं तेच कळेना. आपला जन्म गेला बँकेत आणि पोराने तिजोरी सोपवली आईकडे!

पाकीट चामड्याचं नव्हतं, फोनमधलं होतं. डेन्झिल मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला. हातात पैसा आला की त्याला पाय फुटतात, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. त्यामुळे पगारातलं उरेल ते तो डिजिटल डॉलरच्या टोकनमध्ये बदलून आईच्या वॉलेटवर पाठवायचा. वसईतली घरची बंद पडलेली बेकरी पुन्हा पेटवण्याइतकं साठलं की बोट सोडून कायमचा घरी येणार, असा करार होता. पण करारालाही पाय होते. आधी नुसती भट्टी दुरुस्त करायची होती, मग शेड हवी झाली, मग टेम्पो. थेरेसाला ना टोकन हवं होतं ना टेम्पो, तिला पोरगा हवा होता. पण त्याच्या घरी येण्याची वाट त्या टोकनांवरूनच जाते म्हटल्यावर ती चष्मा लावून शिकायला बसली.

सुट्टीवर असताना डेन्झिलने तिला जेवणाच्या टेबलावर सगळं समजावलं होतं. “हा तुझा पत्ता, मम्मी. लांबलचक आहे, पण घराच्या पत्त्यासारखाच. कोणालाही दे. त्यावर कोणी पाठवू शकतो, आत किती आहे ते बघूही शकतो, पण काढू शकत नाही. काढायला किल्ली लागते. किल्ली म्हणजे हे बारा शब्द. शब्द ज्याच्याकडे, पाकीट त्याचं.”

“आनि शब्द चोरीला गेले तर मॅनेजर कोन?” फ्रेडरिकने विचारलं.

“मॅनेजर नाही डॅडी. अर्ज नाही, तक्रार नाही. गेलं ते गेलं.”

असल्या कारभारापुढे फ्रेडरिकने हात जोडले आणि तो बागेत निघून गेला. स्क्रीनवर बारा इंग्रजी शब्द आले तेव्हा डेन्झिलने स्वतःसुद्धा पाठ फिरवली. फोटो काढू नकोस, कागदावर लिही आणि जपून ठेव, एवढं बजावून तो बोटीवर गेला.

आता कागदावर थेरेसाचा काडीइतका विश्वास नव्हता. त्यांच्या घरातली वाळवी लग्नाचा दाखला खाऊन बसली होती. पण गाणी? गाण्यांना वाळवी लागत नाही. गावात कुठलंही लग्न असो, बायकांच्या पुढे राहून गाणी सांगायची ती थेरेसाने, आणि त्यातलं एकही तिने कधी लिहून घेतलं नव्हतं. तिने ते बारा शब्द क्रमाने चालीत ओवून टाकले.

*अंकल गेला लॅडरवर, बनाना काढायला गं,*
*गार्लिक खाऊन डाँकी आला, अंब्रेला मागायला गं...*

असं थेट बाराव्या शब्दापर्यंत. कागद तिने बंबात घातला. पत्ता मात्र, जो जगाला दिला तरी चालला असता, तो घडी घालून कपाटाच्या चोरकप्प्यात कुलूपबंद केला. शिकवणी पक्की झाली होती, फक्त उलटी.

शब्द विसरू नयेत म्हणून ती रोज ते गुणगुणायची, विळीवर, मोरीत, पाटाच्या कडेने चालताना. शेजारच्या घरात तिची जाऊ पॉलिन राहायची. पॉलिनच्या कानांना भिंती अडवत नाहीत हे थेरेसाला तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत असायला हवं होतं.

पॉलिनच्या मुलीचं, टिफनीचं, लग्न आलं. आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला बायका बँड लावून विहिरीवर निघाल्या. येताना थेरेसा सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर भरलेली कळशी. तिने जुनं गाणं संपवून श्वास घेतला, तेवढ्यात मागून पॉलिनने खड्या आवाजात सुरू केलं, “अंकल गेला लॅडरवर...”

बायका खिदळल्या. नवरीचा मामा आलोशियस गेल्याच महिन्यात शिडीवरून पडला होता आणि मामाची टर उडवल्याशिवाय लग्नाला चव येत नाही. सगळ्यांना वाटलं, थेरेसाने खास त्याच्यावर गाणं रचलंय. बँडवाल्यांनी चाल उचलली. सवयीने थेरेसाचंही तोंड सुरू झालं, आणि गाढव येऊन छत्री मागेपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही की आपण काय गातोय. मग तिने तोंड घट्ट मिटलं. पण डोक्यावर कळशी, मागे बँड. वळायचं कसं आणि थांबवायचं कोणाला? गाणं बाराव्या शब्दापर्यंत गेलं, आणि लोकांना आवडलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून झालं. आलोशियस तेवढा फुगून बसला.

कोणाला काय कळणार त्यातलं, अशी थेरेसाने मनाची समजूत घातली. ती समजूत सकाळपर्यंत टिकली. सकाळी पॉलिन फोन नाचवत आली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कल्पेशने त्या गाण्याची रील टाकली होती. वर कौतुकाने एकेक शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षरांत उमटवला होता.

“नालासोपाऱ्यापासून विरारपर्यंत लोक गातायत!” पॉलिन म्हणाली. “तू तर फेमस झालीस!”

थेरेसाने फोन हिसकावून रील पाहिली. तिच्या डोळ्यांपुढे टोकनं नव्हती. डेन्झिल दिसत होता, घामेजलेला, इंजिनाच्या उकाड्यात, आणखी तीन वर्षं. तिने त्याला फोन लावला. बोट भर समुद्रात, रेंज नाही.

मग ती कामाला लागली. रडायला दुपार होती. डेन्झिलने शिकवलं होतं तसं तिने नवं वॉलेट उघडलं, नवे बारा शब्द या खेपेला मुकाट कागदावर उतरवले आणि जुन्यातलं सगळं नव्यात पाठवायला बटण दाबलं. फोन ढिम्म. नेटवर्कची फी भरायला नाणं शिल्लक नाही, म्हणे.

“म्हंजे काय?” फ्रेडरिक.

“हमाली,” ती म्हणाली. “टोकन हलवायची हमाली त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात द्यावी लागते, टोकनमध्ये घेत नाय. डेन्झिल बोलला होता. मी म्हटलं, कुठे हलवायचंय आपल्याला!”

ते नाणं गावात असणार कोणाकडे? एकच नाव डोळ्यांपुढे आलं. मांडवात ज्याने पाहुण्यांना क्रिप्टोच्या, म्हणजे असल्याच डिजिटल नाण्यांच्या, गप्पांनी पिडलं होतं तो कल्पेश. म्हणजे ज्याने चोराला वाट दाखवली त्याच्याच दारात जायचं. लग्न संध्याकाळी होतं. रिक्षा करून ती एव्हरशाईन सिटीतल्या त्याच्या स्टुडिओत पोचली.

“रील काढून टाकू? आंटी, व्ह्यूज तर बघा!” कल्पेश म्हणाला.

“काढून टाक. आनि मला थोडं फीचं नाणं पाठव. पैसे रोख देते.”

कल्पेशने तिच्याकडे पाहिलं, मग रीलकडे. ओठातल्या ओठात पुटपुटत तो इंग्रजी शब्द बोटांवर मोजू लागला. दहा बोटं संपली, दोन शब्द उरले. त्याचा चेहरा उतरला.

“आंटी, ही तुमची सीड फ्रेज आहे? किल्लीचे बारा शब्द?”

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. पण रविवार होता आणि ती सकाळीच चर्चमध्ये मिसाला जाऊन आली होती. “हो,” ती म्हणाली, आणि आयुष्यात कधी घाबरली नव्हती इतकी घाबरली. शब्द त्याच्यासमोर, फोन त्याच्या हातात, आणि ती नुसती छत्री घेऊन उभी.

कल्पेशने रील काढून टाकली. “काढली, पण ज्यांनी सेव्ह केली असेल त्यांचं काय करणार? पत्ता सांगा पटकन. जुन्या वॉलेटचा.”

कागदावरचा पत्ता कपाटात कुलूपबंद होता, म्हणून तिने फोनमधला दाखवला. नाणं आलं. थेरेसाने नव्या पत्त्याची पहिली अक्षरं जुळवली, शेवटची जुळवली, मधलीही जुळवली, आणि एकच टोकन पाठवलं.

“एकच?” कल्पेश ओरडला. “चोर दारात उभा आहे नि तुम्ही टेस्टिंग करताय!”

“आधी थोडं, मग सगळं. तसंच शिकवलंय मला. चुकीच्या पत्त्यावर गेलं तर चोर तरी बरा, निदान कोनाच्या पोटात जाईल.”

एक टोकन पोचलं. मग तिने उरलेली सगळी पाठवली. चक्र फिरत राहिलं, कल्पेश नखं खात राहिला, आणि शेवटी हिरवी खूण आली. थेरेसाने त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

ती घरी पोचते तोच डेन्झिलचा फोन. बोटीला रेंज आली होती.

“मम्मी! पाकीट रिकामं! मी आत्ता पत्ता टाकून बघितलं, सगळं घेऊन गेलं गं कोणीतरी!” पोरगा रडायच्या बेतात होता.

“कोनीतरी नाय रे बाबा. चोर मीच,” म्हणत तिने रामायण सांगितलं, पॉलिन, कळशी, बँड, आलोशियसमामा, सगळ्यांसकट. तिकडे डेन्झिल हसत सुटला तो खोकला येईपर्यंत.

“ते नवे शब्द मला सांग आता,” तो म्हणाला. “तुझ्याकडे राहिले तर पुढच्या लग्नात बँडवर येतील.”

“सांगते की.”

“हं, सांग.”

“कानात सांगेन. घरी ये.”

“मम्मी, मस्करी नको. अजून एक खेप, टेम्पोपुरतं साठू दे, मग—”

“साठव. पन किल्ली इथे कागदावर आहे, नि आपल्या घरात वाळवी आहे.”

फ्रेडरिक दारात उभा राहून ऐकत होता. बँकेच्या सगळ्या नोकरीत कुठल्या साहेबाकडे पाहिलं नसेल इतक्या आदराने त्याने बायकोकडे पाहिलं.

“मम्मी, हे ब्लॅकमेल आहे.”

“हो,” थेरेसा म्हणाली. “तुझी फार आठवन येते रे.”

मग डेन्झिल म्हणाला, “तिकीट बघतो.”