पंचफुलाची सुई

घाबरू नका, मित्रांनो, मी आता कुणाला टोचत नाही. तुमच्या शाळेच्या कपाटात, पृथ्वीच्या गोलाशेजारी कापसावर पडून असलेली मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. एके काळी नुसता माझा डबा वाजला, की चौथीचा अख्खा वर्ग बाकांखाली जायचा. मला त्याचा राग नव्हता. खरं सांगू? थोडी ऐटच वाटायची.

माझी नळी आणि तिच्या आतला दट्ट्या कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले. दोघांवर एकच आकडा कोरलेला. दुसऱ्या कुणाचा दट्ट्या माझ्या नळीत घातला, तर औषध गळणार म्हणजे गळणारच. अशी मी नखरेल! नागपुरात आले ती शाळांतली मुलं तपासणाऱ्या डॉक्टर सुमतीबाईंच्या बॅगेत. कामाच्या दिवशी त्या मला स्टोव्हवर खळखळ उकळायच्या. मे महिन्यातसुद्धा माझी त्यातून सुटका नसे. बॅगेत शेजारी स्टेथोस्कोप असायचा. तो नुसता ऐकायचा आणि सगळी शाबासकी घेऊन जायचा. असो.

१९६८ सालची गोष्ट. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत पंचफुला नावाची तिसरीतली मुलगी होती. पावसाळ्यात तिचा घसा दुखला, ताप आला आणि गेला. काही दिवसांनी गुडघा सुजून लाल झाला. तिची आई इंदूबाई बिड्या वळायची. तिने गल्लीतल्या तुळसाबाईंना बोलावलं. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. त्यांनी कोमट तेलाने गुडघा चोळला. गुडघ्याची सूज उतरली आणि घोटा सुजला. तुळसाबाई खूश!

"पाह्य वं इंदू, दुखणं खाली उतरवून राहिली मी. आता अंगठ्यातून बाहेर काढीन."

दुखणं मात्र अंगठ्यात न जाता कोपरात गेलं, मग मनगटात, आणि एक दिवस गेलंच. गल्लीत तुळसाबाईंचा मोठा बोलबाला झाला.

त्यानंतर शाळेत तपासणी आली. सदऱ्यावरून स्टेथोस्कोप टेकवून 'चल पुढे' म्हणणाऱ्यांतल्या सुमतीबाई नव्हत्या. पंचफुलाच्या छातीपाशी त्या बराच वेळ थांबल्या. मग इंदूबाईला बोलावून म्हणाल्या, "दुखणं बाहेर गेलं नाही, इंदूबाई. सांधे सोडून ते हृदयाला लागलं आहे. आतल्या झडपेला सूज आली आहे."

मोठ्या दवाखान्यात पंचफुलाला बरेच दिवस नुसतं पडून राहावं लागलं. घरी आल्यावर माझं काम सुरू झालं. हे सगळं त्या घशाच्या दुखण्यातूनच सुरू झालेलं. घसा पुन्हा तसाच धरला, तर झडप आणखी बिघडणार होती. ते टाळायला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई, तीही अनेक वर्षं. औषध दुधासारखं पांढरं आणि दाट, म्हणून सुई जाड. दुखायचं खूप, हे मी लपवत नाही.

वर्ष गेलं. पंचफुलाचे गाल भरले, ती गल्लीत लंगडी खेळू लागली आणि इंदूबाईने तिला सुईसाठी सुमतीबाईंच्या दवाखान्यात आणणं बंद केलं. एक तारीख चुकली. दुसरी जवळ आली. तेव्हा सुमतीबाई भर उन्हात मला घेऊन तिच्या घरी गेल्या. पंचफुला धान्याच्या कोठीमागे लपली. तुळसाबाई नातवाला घेऊन दारातच बसल्या होत्या.

"जयभीम, डाक्टरीणबाई," इंदूबाई म्हणाली. "पोरगी तं चांगली हाये. उगा काहून टोचाचं तिले?"

"गेलं तं दुखणं!" तुळसाबाईंनी साथ दिली. "मीच उतरवलं."

मला वाटलं, आता बाई चिडणार. पण त्यांनी स्टेथोस्कोप काढून चक्क तुळसाबाईंच्या कानात घातला. आधी तुळसाबाईंच्याच नातवाच्या छातीवर टेकवला. मग कोठीमागून पंचफुलाला बोलावून तिच्या छातीवर.

तुळसाबाईंचा चेहरा बदलला. "नातवाचं तं धकधक वाजते. हिच्यात मधातच फुस्स करून राहिलं काहीतरी."

"तीच ती झडप," सुमतीबाई म्हणाल्या. "पुन्हा दुखणं आलं, तर पोरगी दम लागून अंथरुणाला खिळेल. आणि ते येताना विचारून येणार नाही."

तुळसाबाईंनी आपल्या तेलकट हातांकडे पाहिलं. "इंदू, हे माह्या हातानं नाही निघत वं. पोरीले माह्या मांडीवर दे."

त्या मांडीवर मी माझं काम केलं. तेव्हापासून सुईच्या दिवशी पंचफुलाला दवाखान्यात आणायचा मान तुळसाबाईंनी कुणाला दिला नाही.

मित्रांनो, स्टेथोस्कोपने ऐकलेलं सगळ्यांना सांगता येतं. माझं काम कुणाला दिसत नाही, कारण जे घडलं नाही तेच माझं काम. पंचफुलाचा घसा पुन्हा तसा धरला नाही, सांधे सुजले नाहीत. दर वर्षी तिच्या छातीतला तो फुस्स आवाज बारीक होत गेला आणि ती एकवीस वर्षांची झाली तेव्हा सुई थांबली. याचा मला केवढा अभिमान आहे म्हणून सांगू!

पुढे प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या. एकदा वापरा, फेकून द्या. मी अडगळीत गेले. तिथून मला उचलून या कपाटात कुणी आणलं, ठाऊक आहे? तुमच्या पंचफुलाबाईंनी. हो, तुम्हाला पाढे शिकवणाऱ्या त्याच.

परवा एक आई मुलीला घेऊन त्यांच्याकडे आली होती. त्या मुलीलाही तेच दुखणं, तीच सुई. "बाई, पोरगी तं मस्त खेळून राहिली. मग सुई काहून द्याची?"

"खेळून राहिली म्हणूनच द्याची," पंचफुलाबाई म्हणाल्या. "चाला, मी येतो तुमच्यासंगं." आणि त्या मुलीचा हात धरून दवाखान्याकडे निघाल्याही.

तेव्हा मुलांनो, घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, तर घरी सांगा, शाळेत सांगा, लपवू नका. सुई लागलीच तर खुशाल रडा, पण तारीख चुकवू नका. तुळसाबाईंच्या मांडीवरच्या त्या दुपारनंतर पंचफुला दर वेळी रडली, आणि दर वेळी आली.