काहीही खेळा

पोस्टाने बुद्धिबळ खेळताना सहसा कोणी गॅम्बिट, म्हणजे मुद्दाम प्यादं देण्याची चाल, खेळत नाही. समोरच्याला विचार करायला दिवसच्या दिवस मिळतात, पुस्तकं उघडता येतात; फुकट दिलेल्या प्याद्यामागचा सापळा त्याला दिसतोच. रीगाच्या क्लबात व्हिलिस वर्षानुवर्षं हेच शिकवत आला होता. तरी त्याचीच विद्यार्थिनी असलेल्या आउस्माने दुसऱ्याच खेळीत प्यादं देऊन टाकलं होतं आणि हा डाव जिंकला तरच ती टपाल-स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाणार होती.

"प्यादं गेलं, आता घोडाही गेला," ओडेसाच्या प्रतिस्पर्ध्याकडून आलेलं कार्ड वाचत व्हिलिस म्हणाला. "अजून काय वाटायचं शिल्लक आहे, बाई?"

"हत्ती. काका, खालची ओळ वाचा की."

तिथे लिहिलं होतं, 'तुम्ही काहीही खेळा, मी पुढे हत्ती घेणार.' टपालाचे दिवस वाचवायला पुढची खेळी अशी आधीच कळवत, आणि कळवलेली खेळी मागे घेता येत नसे.

आउस्माने शह न देता वजीर राजाच्या जवळ नेऊन ठेवला. आता राजा हलवला तरच तो वाचणार होता. पण ओडेसावाल्याला हत्तीच घ्यावा लागणार होता, आणि त्यानंतर मात.

व्हिलिसने पट तीनदा तपासला. "त्याने ही ओळ लिहिली नसती तर?"

"हरले असते. पण एवढं फुकट खायला मिळाल्यावर माणूस विचार करणं सोडतो, काका."

व्हिलिसने कोट चढवला.

"आण तुझं उत्तराचं कार्ड. पेटीत मी टाकून येतो."