कोंडलेल्या बाजूचा केक

कोंडलेल्या बाजूच्या तीन सापळ्यांत अठ्ठेचाळीस मासे, चार खेकडे आणि एक चप्पल. मोकळ्या बाजूच्या तीन सापळ्यांत एकावन्न मासे, सहा खेकडे, चप्पल नाही.

मोजणीने त्या दिवसाचे आकडे पुन्हा पाहिले. लहानपणी ती जिन्याच्या पायऱ्या मोठ्याने मोजत चढायची, तेव्हापासून घरात तिला मोजणीच म्हणत. आठवडाभर हेच चाललं होतं. दोन्ही बाजू तोडीस तोड, आणि तिला ते काही केल्या पटत नव्हतं.

भरतीचं खारं पाणी जिथे पसरतं, त्या गवताळ खाजणाच्या मधोमध एक रस्ता गेला होता. त्याच्या एका अंगाला समुद्राचं पाणी मनमुराद यायचं-जायचं. दुसऱ्या अंगाला जायला त्याला रस्त्याखालचा एकच पाइप होता, तोही माणसाने डोकं घातलं तर खांदे अडकतील एवढा. सोमवारी यंत्रं येऊन रस्ता फोडणार होती आणि पाइपच्या जागी रुंद पूल होणार होता. पुलानंतर मासे किती वाढले हे सांगायचं, तर आधी किती होते ते ठाऊक हवं. ते मोजायचं काम नुकतीच पदवी घेतलेल्या मोजणीला मिळालं होतं. तिचं स्वतःचं असं पहिलंच काम. आणि सोमवारनंतर ते ‘आधी’ कुणालाच पुन्हा मिळणार नव्हतं.

कोंडलेल्या बाजूचं पाणी कोमट आणि गढूळ. तिथे मासे कमी असणार, असं पुस्तकं सांगत होती आणि तिचं नाकही सांगत होतं. सापळे मात्र ऐकायला तयार नव्हते. तिने कॉलेजातल्या तिच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, माशांवर संशय घेण्याआधी सापळ्यांवर घे.

म्हणून तिने शुक्रवारी सापळा उलटा करून झटकला. तळहातावर एक मनुका पडली, पाण्याने टम्म फुगलेली. बाकीचे दोन झटकले, तिथेही मनुका. रस्ता ओलांडून मोकळ्या बाजूचे तिन्ही झटकले. तिथे नुसता पावाचा लगदा.

आमिष म्हणून शिळा पाव ठरला होता. बाबांचीच बेकरी असल्यामुळे पावाला तोटा नव्हता. रोज सकाळी बाबा सहा कापडी पुरचुंड्या बांधून देत. तांबड्या दोऱ्याच्या तीन कोंडलेल्या बाजूला, पांढऱ्या दोऱ्याच्या तीन मोकळ्या बाजूला. गोंधळ नको म्हणून दोऱ्यांची युक्ती मोजणीनेच काढली होती.

ती तडक बेकरीत गेली आणि मनुका गल्ल्यावर ठेवली. बाबा कोपरापर्यंत पिठात होते. त्यांनी मनुकेकडे पाहिलं, मग भट्टीकडे, मग छताकडे. पाव कागदात गुंडाळणाऱ्या आईला सगळं आधी कळलं. ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

“अगं, एकदा आलो होतो ना तुझ्याबरोबर,” बाबा म्हणाले. “त्या बिचाऱ्यांना धड पाणीसुद्धा मिळत नाही. वर शिळा पाव कुठल्या तोंडाने देऊ? केकच्या कडा उरतातच.”

“किती दिल्यात?”

“पहिल्या दिवशी थोड्याच.”

“आणि मग?”

“मग वाटलं, आता त्यांना सवय लागली असेल.”

बाबा असेच. बुद्धिबळात मुलीचं प्यादं मारलं, की आपलंही एक गुपचूप काढून ठेवायचे. सामना कुणाचाही असो, ते हरणाऱ्यांच्या बाजूने. आई म्हणाली, पोटच्या पोरीचे लाड पुरले नाहीत म्हणून आता मासे दत्तक घेतलेत.

मोजणीला हसू येत नव्हतं. आठवड्याची मेहनत पाण्यात गेली होती, तीही खाऱ्या. रागाने ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. पुरचुंडी कुठे जाणार हे बांधणाऱ्याला कळायलाच नको होतं. ते कळत होतं दोऱ्यामुळे, आणि दोरा तिचा होता. ती परत फिरली. हातात शनिवार आणि रविवार उरले होते.

नवा कायदा तिथल्या तिथे झाला. सहाही पुरचुंड्या एकाच दोऱ्याच्या, प्रत्येकीत तराजूवर तोललेलं सारखंच आमिष. बाबांनी बांधायच्या, आईने पिशवीत घालून हलवायच्या, मोजणीने न बघता हाताला येईल ती उचलायची. बाबांनी सगळं मान्य केलं, पण त्यांचा पाय निघेना.

“सारखंच द्यायचं, तर दोन्हीकडे केक दिला तर?”

मोजणीने विचार केला. बिघडत काहीच नव्हतं. “पण पूल झाल्यावर पुन्हा मोजू तेव्हा हाच केक लागेल. याच मापाचा. अंदाजपंचे नाही.”

बाबांचा चेहरा भट्टीसारखा फुलला. ते साखर तोलायला बसले. इतक्या वर्षांत त्यांनी केकचं माप कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, बायकोने विचारून विचारून जे झालं नाही, ते माशांनी करून दाखवलं.

रविवारी तिघंही खाजणावर गेले. बाबांना बादल्या धरायचं काम आणि माशांशी न बोलण्याची ताकीद होती. पाणी ओसरायला लागलं तसे सापळे वर आले. मोकळ्या बाजूची बादली चांदीसारखी सळसळत होती. मोजताना मोजणीचे ओठ हलत होते आणि गाल दुखेपर्यंत ती हसत होती. कोंडलेल्या बाजूची बादली बाबांनी पोटाशी धरली होती. जाळीला एखादा चिकटला असेल, नीट बघ, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तिने तीनदा पाहिलं. मग मोजलेले मासे ज्याच्या त्याच्या पाण्यात सोडले.

बाबा बराच वेळ त्या पाइपकडे बघत राहिले. “यंत्रवाल्यांना म्हणावं, सोमवारी वेळेवर या,” ते म्हणाले. “चहाबरोबर केक माझ्याकडून.”

मोजणीने गुडघ्यावर वही ठेवून शनिवार-रविवारची बेरीज केली. सारख्याच आमिषावर, प्रत्येक बाजूला तीन सापळे: कोंडलेली बाजू, एकोणऐंशी मासे; मोकळी बाजू, दोनशे त्रेचाळीस.