धोंड्याचं जेवण अन् जावयाची झोप

आमच्या जावयाचं नाव हनुमंतराव, अन् झोप कुंभकर्णाची. मी पडले सासू, तोंडावर बोलायची सोय न्हाई. पण आता सारं अर्धापूर बोलून राहिलंय, तर म्हणलं, खरं काय ते मीच सांगते.

जावई लातूरला डाळमिलमध्ये सुपरवायझर. माणूस सोन्यावानी, पण बसला की पेंगतो. तुरीच्या पोत्यावर पेंगले म्हणून मालकानं झापलं. नातीच्या शाळेत पालकसभेला गेले अन् तिथंच घोरले. माझी लेक अयोध्या लाजून अर्धी झाली. कुणी म्हणे पितो, कुणी म्हणे आळशी. आमचे हे, म्हंजी अर्जुनराव, म्हणले, अशक्तपणा आलाय. झालं! मी तूप धाडलं, डिंकाचे लाडू धाडले. जावयाची मान जाड झाली, पोट सुटलं, अन् झोप उलट वाढली. रात्री असे घोरायचे की शेजारी भिंत ठोकायचे. आम्ही म्हणायचो, घोरतोय म्हंजी गाढ झोपलाय, सुखी जीव हाय.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. त्या दिवशी जावई म्हंजी साक्षात नारायण. हनुमंतराव अयोध्येला अन् नातीला, दामिनीला, घेऊन नव्या गाडीतून आले. पाटावर बसवलं, ओवाळलं, धोंड्यावर तुपाची धार धरली, वर आमरस. खाता खाता त्यांची मान खाली गेली, घास हातातच. मला आधी वाटलं, नमस्कार करून राहिले.

जेवणं झाल्यावर ते बैठकीत आडवे झाले. जावई निजलेल्या खोलीत सासू जात न्हाई, पण पानाचं तबक तिथंच राहिलं होतं, म्हणून मी दबकत शिरले. घोरणं चालू होतं, ते एकाएकी बंद झालं. म्हणलं, बरं झालं बाई. पण छाती हलंना. तोंड उघडं, ओठ काळे पडून राहिले. रीतभात सोडून मी त्यांचा खांदा गदागदा हलवला. बुडणारा माणूस पाण्यातून वर यावा तसा त्यांनी श्वास ओढला, "काय झालं मामी?" म्हणले, अन् पुन्हा घोरायला लागले. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. परत तसंच झालं, अन् परत तसंच.

ऊन उतरल्यावर जावई उठले, तोंड धुतलं अन् म्हणले, निघतो, अंधाराच्या आत लातूर गाठायचंय. गाडीची किल्ली समोरच होती. ती मी उचलून पदरात बांधली.

अयोध्येनं डोळे वटारले. ह्यांनी खाकरून दाखवलं. धोंड्याला आलेल्या जावयाची गाडी सासूनं अडवायची, असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं न्हाई. जावई आधी हसले, मग लालबुंद झाले. मी काय पिऊन आलोय का, म्हणले; असा अपमान करायचा असंल तर ह्या घरात पुन्हा पाय ठेवणार न्हाई. अयोध्या रडायलाच लागली, आई, माझा संसार मोडतीस का म्हणून. पण मी गाठ सोडली न्हाई.

"रुसा तुम्ही," मी म्हणलं. "जन्मभर रुसा. रुसलेला जावई मला चालंल. पण माझी लेक अन् नात तुमच्या झोपेच्या हवाली करणार न्हाई. झोपेत तुमचा श्वास थांबतो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

तिघंही बसनं गेली. वाणाचं ताटसुद्धा घेतलं न्हाई. गाडी आमच्या दारात, अन् गावाला तेवढंच पाहिजे. शेजारची गुणाबाई तर इचारून गेली, जावयाची गाडी जप्त केली म्हणं? मी म्हणलं, हाव, केली. तुला चालवायचीय का?

पण लातूरच्या स्टँडवर बस रिकामी झाली तरी हनुमंतराव उठंनात. कंडक्टरनं हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तवा जागे झाले. अयोध्या तिथंच समजली, ही मान स्टेअरिंगवर पडली असती. दुसऱ्या दिवशी तिनंच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं झोपेत तारा लावून तपासलं. म्हणले, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, अन् जीव वाचवायला मेंदू रात्रभर उठवत राहतो. मग माणूस दिवसा पेंगणार न्हाई तर काय. वजन उतरवा म्हणले, अन् रात्री नाकाला लावायला हवेचं मशीन दिलं. माझं तूपही बंद झालं.

जावई काही माझ्याशी बोलंनात. अयोध्येचा फोन आला की मागून त्यांचा आवाज यायचा, मी कान लावून ऐकायची. लई लागायचं मनाला. रुसा म्हणलं होतं मी, पण इतकं खरं धरायचं का?

मग एका सकाळी त्यांचाच फोन. बोला जावईबापू, मी म्हणलं.

"मामी," ते म्हणले, "दामिनी रोज मला गोष्ट सांगती. मी मधीच झोपून जायचो. काल गोष्ट संपली, ती निजली, अन् मी तिच्याकडं बघत जागा होतो."

मला हुंदका आवरंना. ह्यांनी घाबरून इचारलं, काय झालं? काही न्हाई, म्हणलं, जावयाचा रुसवा गेला.