मोठ्या बाई

"तू फक्त 'नको' म्हण. बाकीचं कमिटी बघून घेईल," चनबसप्पा अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले.

अण्णा शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत ते एरवी कधी पाऊल टाकत नसत. आज मुद्दाम आले होते, कारण हेडमास्तर रिटायर होत होते आणि त्यांच्यामागं नोकरीत सगळ्यांत जुनी महादेवी होती. तिचा नवरा सिद्धलिंगप्पा त्याच शाळेत शिकवायचा, पण तो तिच्यानंतर लागलेला. ती 'नको' म्हणाली की जागा त्याची होती.

"नवऱ्यानं बायकोकडं रजा मागायची, हे बरं दिसतंय का? तूच सांग की."

सिद्धलिंगप्पा मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. त्यानं एकदा वर बघावं, असं महादेवीला फार वाटलं. त्यानं बघितलं नाही.

"अण्णा, कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून हे मास्तर झाले, ते माझं बघून," ती शांतपणे म्हणाली. "माझा नंबर आधी लागतो. मी नको म्हणणार नाही."

"सासूला तरी विचार."

सासू आत भाकरी थापत होती. हात तसाच पिठाचा ठेवून निंगव्वा दारात आली.

"मला इचारताय तर सांगते, अण्णा. मिलमदी सूत गुंडाळायच्या खात्यात माझा जल्म गेला. गुंडा म्हणून एक पोरगं आलं, त्याला तुटलेला धागा जोडायला म्या शिकिवलं. पुढं जॉबरची, म्हंजी खात्याच्या मुकादमाची, जागा निघाली, ती त्यालाच दिली. का, तर बाईच्या हाताखाली गडी राबत न्हाईत. म्या त्याला सायेब म्हटलं. मला काय मरान आलं न्हाय. माझ्या लेकालाबी येनार न्हाय."

अण्णा चहा अर्धा टाकून उठले. पण नियम महादेवीच्या बाजूनं होता. मे महिन्यात कमिटीला ठराव करावाच लागला.

सिद्धलिंगप्पा तेवढे दिवस कामापुरतं बोलत राहिला. एकदाच म्हणाला, "लोक हसतील."

"हसू देत," महादेवी म्हणाली. "चार दिवस हसतील, मग पोरांची नावं घालायला माझ्याकडंच येतील."

ती भांडली नाही, आणि समजूतही घातली नाही.

जूनमध्ये शाळा भरली. प्रार्थना झाली, मुलं वर्गांत गेली. नऊवारीतल्या दोन आया पोरींना पुढं करून ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बाई बघून मोकळेपणानं बोलत बसल्या. त्या गेल्यावर दारात सिद्धलिंगप्पा दिसला. हातात फुटका डस्टर. शर्टाचं वरचं बटण त्यानं लावलेलं होतं.

घरात तो तिला नावानं हाक मारायचा. कुठल्याही खोलीत शिरताना त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

"आत येऊ का, बाई?"

सवयीनं महादेवी उठायला गेली. पाय खुर्चीखालून निघालेही होते. तिनं ते परत आत घेतले.

"या, सर," ती म्हणाली. "बसा."

तो बसला.